तुम्ही बदललेले सात फॉर्म

सर, विभागाला तुमच्यावर दोन पानं हवी आहेत. शीर्षक त्यांनीच ठरवून दिलंय, ‘संशोधनातील सचोटीचा वस्तुपाठ’. फोटोही निवडलाय, शाल पांघरलेला, ज्यात तुम्ही दुसऱ्याच कोणीतरी वाटता. मला फक्त मधली जागा भरायची आहे. जागा भरण्यात माझा हात किती चांगला आहे हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दोनदा बसले, दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीला पेन ठेवून दिलं. म्हणून हे वेगळंच लिहायला घेतलं. हे विभागासाठी नाही. तुम्हाला जाऊन आज सोळावा दिवस आहे आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

विभागात सर आणि घरी काका, ही वाटणी तुमचीच. बाबा आणि तुम्ही मंडळाच्या गणपतीचे जुने दोस्त. बाबा डिफेन्सच्या फॅक्टरीत, तुम्ही युनिव्हर्सिटीत, दोघांची गावं अमरावतीकडची, नोकरीसाठी या हिंदी मुलखात आलेले. मी तुमच्या अंगणात लहानाची मोठी झालेली. पीएच.डी.ला नाव घातलं त्या दिवशी तुम्ही दारातच अडवून सांगितलंत, “वैशू, इथं काका नाही म्हणायचं. इथं मी बाकीच्यांचा गाईड आहे तसाच तुझा.” मला ते इतकं आवडलं होतं की मैत्रिणींना मी चार-चारदा सांगायची. आमचे सर कसे, तर असे. मूर्ख होते मी, आणि तुम्हीही फार शहाणे नव्हतात.

कामाचं मात्र तुम्ही जे शिकवलंत ते आजही माझ्या कामी येतं, आणि हे कबूल करताना राग कमी होत नाही. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांत पत्रा ठोकणाऱ्या माणसांचे कान कसे जातात, हा माझा विषय. कारखान्याच्या यादीवरून नाव घ्यायचं, कांचघरच्या गल्ल्यांत घर शोधायचं, समोर बसून फॉर्म भरायचा. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर बसले, तर तुम्ही डोळ्यांनीच मला उंबऱ्यावर बसवलंत. पेन लगेच काढू नको म्हणालात. उत्तर झटकन आलं तर लिहू नको, थोडी थांब. चूक झाली तर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. आपण काय चुकलो ते लपवायचं नसतं. आणि ‘तुम्हाला कमी ऐकू येतं का’ असं माणसाला विचारलं की तो नाहीच म्हणणार, खरं उत्तर आतून येईल, त्याच्या बायकोकडून. तसंच व्हायचं. तो म्हणायचा, “एकदम ठीक सुनता हूँ, मैडम.” आणि आतून भांडी घासता घासता बाई ओरडायची, “झूठ बोल रहे हैं. दरवाज़ा पीटती रहती हूँ, खोलते नहीं.” तुम्ही खाली बघून हसायचात. तुमच्यासारखं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

आणि तुमचा तो रविवार. साऱ्या युनिव्हर्सिटीत त्याची चेष्टा व्हायची. विद्यार्थ्यानं भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा तुमच्या कपाटात यायचा, तुम्ही डोळे मिटून त्यातले पाच ओढायचे, पोराला स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवायचं आणि त्या पाच घरी जायचं. दारात हात जोडून एवढंच विचारायचं, “नमस्ते जी, ये आपके यहाँ आए थे क्या?” दुसरे गाईड म्हणत, हा प्रोफेसर आहे की पोस्टमन. आज वाङ्मयचौर्य पकडायला सॉफ्टवेअर आलंय, टक्केवारीसकट प्रमाणपत्र देतं. घरी कूलरसमोर बसून मनानंच भरलेला फॉर्म पकडणारं यंत्र अजून आलेलं नाही, आणि तुमच्यासारखं स्कूटर काढणारं तर आता कोणीच नाही.

मी कूलरसमोर बसूनच भरले होते. त्याला कारण द्यायला गेलं तर भरपूर आहेत. मे महिना होता, डबल शिफ्टमुळे माणसं घरी सापडत नव्हती, कांचघरला तीन फेऱ्या मारून तीनदा कुलपं बघून आले, जूनमध्ये लग्न ठरलेलं, आई रोज विचारायची की तुझं ते कागदांचं कधी संपून राहिलंय. पण खरं कारण यातलं एकही नाही. मला कंटाळा आला होता. यादीतली नऊ नावं उरली होती आणि आतापर्यंतच्या घरांत जे ऐकलं तेच तिथं ऐकायला मिळणार, असं मला वाटलं. नऊ माणसं मी एका दुपारी बहिरी केली आणि संध्याकाळी साडीच्या दुकानात गेले.

गठ्ठा तुमच्याकडे दिला आणि रविवारची वाट बघत राहिले. एक गेला, दोन गेले. तुम्ही माझे पाच काढलेच नाहीत. लग्न झालं, परत आले, तोवर तुमच्या ऑपरेटरनं सगळी माहिती कॉम्प्युटरवर चढवून तक्ते हातात दिले. मला वाटलं, विश्वास. घरची पोरगी, तिचे काय तपासायचे. मला हायसं वाटलं होतं, सर, आणि त्या हायसं वाटण्याची मला तेव्हाही लाज वाटली होती.

मग जानेवारी आला आणि राजेशचं प्रकरण झालं.

शहपुऱ्याचा राजेश. तुमचा तेव्हाचा सगळ्यात मेहनती विद्यार्थी, हे तुम्हीच म्हणायचात. मटार तोडायला जाणाऱ्या बायकांवर त्याचं काम होतं आणि त्याचं स्वतःचं घरही मटारवालंच. रोज पहिल्या बसनं यायचा, बुटांना शेतातली माती असायची. तुम्ही त्याचे पाच ओढले. तिसऱ्या घरी सासू दारात आली आणि म्हणाली, “बहू तो सावन से मायके में है, बेटा.” तिथंच, तिच्यासमोर, राजेशनं तुम्हाला सांगितलं की हा फॉर्म मी घरी बसून भरलाय. मटारची तोड चालू होती, बापाला माणूस मिळत नव्हतं, वेळ गेला. आणि पुढं न विचारता म्हणाला, “एक और है, सर.” तो दुसरा तुमच्या पाचांत नव्हता. तुम्हाला तो कधी कळलाही नसता.

सोमवारी तुम्ही आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलंत. राजेश उभा होता. तुम्ही म्हणालात, “जिसके पास सच लिखने का वक़्त नहीं, वो कोई और काम कर ले.” आवाज चढवला नाहीत. समितीला पत्र गेलं, त्याचं रजिस्ट्रेशन रद्द झालं. तुम्ही त्या वेळी सगळ्यांकडे बघितलंत, माझ्याकडे नाही. मला वाटलं होतं, योगायोग. आणि मी काय केलं? माझ्यासमोर चहाचा कप होता, तो मी संपवला. माझे नऊ होते. त्याचे दोन. तो दाराबाहेर गेला तेव्हा मला म्हणाला, “चलता हूँ दीदी, आपका अच्छे से हो जाए.” मी मान हलवली.

माझं अच्छे से झालं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी माझ्या प्रबंधातलं एकच वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. कुठल्याशा कामगाराच्या बायकोचं: “इनके कान नहीं गए जी, मेरी आवाज़ चली गई चिल्ला-चिल्ला के.” बाई म्हणाल्या, या एका वाक्यासाठी पदवी द्यावी. तक्त्यांबरोबर तुम्ही दिलेल्या टिपणांत ते होतं. मला ते घर आठवेना, पण इतक्या घरांत बसले होते, असेल एखादं, असं म्हणून मी ते छातीशी धरलं. सोळा वर्षं मी ते वाक्य वर्गात सांगत आलेय. पोरं वहीत लिहून घेतात.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजनं पीएच.डी.च्या नव्या मुलांना शिकवायचा सक्तीचा पेपर माझ्या गळ्यात घातला, संशोधनातली नैतिकता. मी खव्याची जिलबी घेऊन तुमच्याकडे आले. खरं तर त्या दिवशी मी नऊ फॉर्मांचं तुम्हाला सांगणारच होते, पुन्हा एकदा. ‘पुन्हा एकदा’ म्हणजे याआधी बारा-पंधरा वेळा ठरवून आले होते आणि चहा पिऊन गेले होते. पण बातमी ऐकून तुम्ही हसायला लागलात, ठसका लागेपर्यंत. काकूंनी पाणी आणून दिलं, त्या आत गेल्या, आणि तुम्ही म्हणालात, “आता तू शिकवणार? अच्छा. मग एक गोष्ट तुला माहीत पाहिजे.”

तुम्ही माझे पाच काढले नव्हते, कारण तुम्ही सगळेच वाचले होते. “रिछाईचा माणूस पहिल्याच भेटीत सांगते का, मी बहिरा झालो म्हणून? नोकरी जाईल ना त्याची. तुझे नऊच्या नऊ घडाघडा सांगून राहिले होते. आणि एकाच्याही घरात बायको नाही बोलली. काहून गं? नऊही घरी बायका मुक्या?” मी जिलबीच्या खोक्याकडे बघत बसले. मग तुम्ही पुढचं सांगितलंत. मी सासरी सत्यनारायणाला बसले होते तेव्हा तुम्ही स्कूटर काढून तीन रविवार कांचघरला फिरलात. एकटे. सात माणसं सापडली. त्यांचे खरे फॉर्म तुम्ही स्वतः भरलेत, माझे फाडून टाकलेत आणि ते गठ्ठ्यात ठेवून दिलेत. ते आवाजाचं वाक्य त्यातल्याच एका घरातलं होतं. दोघं शहर सोडून गेले होते.

“त्यांचं काय केलं?”

“काय करणार? ते तसेच राहिले.”

दोन. मी म्हटलं, “राजेशचेही दोनच होते, काका.” सर म्हणायचं होतं, काका निघून गेलं. तुम्ही काकूंना हाक मारून पंखा वाढवायला सांगितलंत.

त्यानंतरचं वर्ष आपण दोघांनी कसं काढलं ते आपल्यालाच माहीत. मी दर पंधरा दिवसांनी यायची आणि तेच काढायची. तुमचं पहिलं उत्तर होतं, आकडे तर खरे झाले ना. मी म्हटलं, सात झाले. तुमचं दुसरं उत्तर, बाप रिटायर होत होता तुझा, लग्न तोंडावर, त्याला काय तोंड दाखवलं असतं मी. मी म्हटलं, राजेशलाही बाप होता. मग एकदा, गॅलरीत पेपर वाचत असताना, मी विचारलंही नसताना तुम्ही खरं ते बोललात. “तुझ्यासाठी एकदा वाकलो ना, म्हणूनच त्याच्यावर कडक झालो. त्यालाही सोडलं असतं, तर माझ्याजवळ काय राहिलं असतं, सांग.”

सर, हे मी फार दिवस चघळलं. तुम्ही मला सोडलंत म्हणून त्याला धरलंत. माझी शिक्षा त्यानं भोगली आणि त्याला हे माहीतही नाही. माझ्यासाठी तुम्ही तीन रविवार काका झालात, आणि सोमवारी त्याच्यासमोर सर होऊन बसलात.

आणि करायचं किती सोपं होतं. मला बोलावून ते नऊ कागद समोर टाकायचे होते. म्हणायचं होतं, जा, ही नऊ दारं परत ठोठाव, लग्न झाल्यावर जा, पण तूच जा. मी रडले असते, चार दिवस तुमच्याशी बोलले नसते, आणि गेले असते. मला माहीत आहे, मी गेले असते. राजेशलाही हेच सांगायचं होतं, तोड संपल्यावर परत जा म्हणून. तो तर धावत गेला असता. दोन घरं, सर. एक सकाळ लागली असती. खोटं लिहिणं वाईट हे तुम्ही आम्हाला शिकवलंत, खोटं लिहिल्यावर परत कसं यायचं ते शिकवलं नाहीत. तुम्हाला स्वतःलाच ते येत नव्हतं, असं मला आता वाटतं.

शेवटच्या भेटीत मी म्हणाले की आपण दोघं मिळून कुलसचिवांना लिहू. तुम्ही म्हणालात, “चालू दे गं. मी गेल्यावर कर काय करायचं ते.” मी काकूंनी केलेला चहा तसाच ठेवून उठले. जिन्यात तुमचा आवाज ऐकू आला, “वैशू, छत्री राहिली,” आणि मी वळले नाही. त्या भेटीनंतर बाराव्या दिवशी सकाळी तुमच्या घरून फोन आला, तुम्ही गेल्याचा. धन्यवाद कधी म्हटलंच नव्हतं मी तुम्हाला. आता म्हणते. उंबऱ्यावर बसायला शिकवलंत त्याबद्दल. त्या सात घरांबद्दल नाही.

शोकसभेला हॉल भरला होता. तुमच्या नावानं प्रामाणिक संशोधनाचा पुरस्कार सुरू करायचा ठराव टाळ्यांत मंजूर झाला. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही कोणाला सुचलं नाही. मला बोलायला उठवलं तेव्हा घसा बसल्याचं सांगितलं. आणि मागच्या रांगेत राजेश होता. केस पांढरे झालेत त्याचे. शहपुऱ्याला खाजगी शाळेत शिकवतो, शेती बघतो. सभा संपल्यावर माझ्याकडे आला आणि पाया पडायला वाकला, मी मागे सरकले.

म्हणाला, “मैं अपने बच्चों को सर की बात हमेशा बताता हूँ, दीदी. मुझसे गलती हुई थी. सर ने गलत नहीं किया.”

मी त्याला बाजूला व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं. सगळं. नऊ, सात, दोन, तीन रविवार, लग्न, तो सोमवार, माझा चहा. माझ्या तोंडून हिंदी नीट निघत नव्हती, मध्येच मराठी येत होती. त्याला सगळं समजलं. तो कठड्याला हात टेकून खाली मैदानाकडे बघत होता.

“आपके भी दो रह गए थे?”

“हो. दो.”

“और सर को मालूम था. उस दिन.”

“मालूम था.”

तो रागावेल, ओरडेल, शिवी देईल, असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं बहुतेक. तो म्हणाला, “पिताजी पूछते रहे आख़िर तक, कि बेटा, सब लोग सच लिखते हैं क्या? मैं कहता था, हाँ, सब लिखते हैं, मैंने ही नहीं लिखा.” मग पिशवी खांद्याला लावली. “सर के रहते बता देतीं, दीदी. मैं एक बार उनसे पूछ तो लेता.”

त्याला थांब म्हणायचा धीर मला झाला नाही. तो गेला, आणि मी तिथंच उभी राहिले, आणि मला तुमचा इतका राग आला की तुमच्या फोटोचा हार काढून फेकावासा वाटला. तुम्ही मरून सुटलात, असं मनात आलं. आलं, ते लिहून ठेवतेय, खोडणार नाही.

पत्र तयार आहे. माझ्या प्रबंधात मी घरी बसून भरलेले दोन फॉर्म आहेत, तसेच आणखी सात माझ्या मार्गदर्शकांनी मला न सांगता बदलले, आणि त्याच मार्गदर्शकांनी काही महिन्यांतच दोन फॉर्मांसाठी एका विद्यार्थ्याचं रजिस्ट्रेशन रद्द केलं. माझ्या पदवीचं काय करायचं ते ठरवा आणि त्याच्या प्रकरणाकडे पुन्हा बघा, एवढंच लिहिलंय. पदवी गेली तर नोकरीही जाईल. नवरा म्हणाला, जाऊ दे, बघू. मग घरखर्चाची वही काढून बसला.

राहिल्या काकू. काल त्यांना नुसतं म्हटलं की मला सरांबद्दल एक पत्र द्यायचं आहे, तर त्यांना वाटलं पुरस्काराचं. म्हणाल्या, “दे गं बाई, चांगलं लिहून दे. त्यांनी जन्मभर दुसरं काय कमावलं?” मी तशीच घरी आले. तुम्ही माझं नाव वाचवलंत, सर. तुमचं मी वाचवू शकत नाही. वाचवायचं म्हटलं तर ते पुन्हा राजेशच्याच जिवावर होईल, आणि या वेळी त्याला माहीत असेल.

पत्र सोमवारी अकरा वाजता देणार आहे. त्याआधी काकूंकडे जाऊन त्यांच्यासमोर बसायचं आणि सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे. ते काम माझं नव्हतं, काका. ते तुम्ही करून जायला हवं होतं.